अस्तर बसेपर्यंत

डायलिसिसच्या खोलीत पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला सुईची भीती वाटते. सुया जाड असतात, त्यामुळे त्याचं काही चुकत नाही. पण आत काम करणाऱ्याला भीती असते ती पहिल्या दहा मिनिटांची. सुया टोचून झाल्या, नळ्या जोडल्या, पंप फिरायला लागला आणि रक्त नळीतून सरकत फिल्टरमध्ये शिरलं, की एकदा घड्याळाकडे बघायचं आणि मग पेशंटच्या तोंडाकडे. तेवढ्या वेळात मी कधी चहा घेतला नाही, फोन उचलला नाही, कुणी विनोद केला तर हसलोही नाही. बरोबरचे लोक म्हणायचे, मोहनचं मशीन चालू झालं की मोहन बंद पडतो. त्यांना मी कधी कारण सांगितलं नाही. आता दोन वर्षं झाली निवृत्त होऊन, आणि दिवाळी अंकात लिही म्हणून गळ घालणाऱ्यांनी 'खरं तेच लिही' अशी अटही घातली आहे. म्हणून सांगतो.

परळच्या एका धर्मादाय संस्थेच्या डायलिसिस केंद्रात मी तंत्रज्ञ होतो. मूत्रपिंडं थकली की अंगातलं जास्तीचं पाणी आणि रक्तातली घाण बाहेर पडत नाही. मग ते रक्त नळीने बाहेर आणायचं, गाळायचं आणि परत अंगात सोडायचं. एका वेळेला चार तास, आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, आणि नवं मूत्रपिंड मिळालं नाही तर जन्मभर. मशीन एवढं मोठं कपाटासारखं दिसतं, पण गाळण्याचं खरं काम करतो तो त्याच्या कुशीला अडकवलेला फिल्टर. वीत-सव्वा वीत लांबीची, मुठीत मावणारी पारदर्शक नळी. तिच्या आत हजारो पोकळ धागे, बारीक शेवयांची जुडी भरावी तसे. धाग्यांच्या आतून रक्त जातं, बाहेरून औषधी पाणी, आणि धाग्यांच्या भिंतीतून घाण पलीकडे जाते.

हा फिल्टर एकदा वापरून फेकायचा नसतो. निदान आमच्याकडे तरी नव्हता. काम झालं की धुवायचा, जंतुनाशक औषध भरून फळीवर ठेवायचा आणि पुढच्या वेळी त्याच पेशंटला लावायचा. वर पेशंटचं नाव आणि कितवी वेळ ते लिहायचं. बाहेरच्या माणसाला हे ऐकून कसंसंच होतं. माझ्या मेहुण्याला मी एकदा जेवताना हे समजावून सांगितलं, तर त्याने भाकरी बाजूला सारली. पण घरातला टूथब्रश आपण रोज नवा आणत नाही, फक्त दुसऱ्याचा वापरत नाही, तसंच हे. धुण्याची खोली माझ्याकडे होती आणि मला तिचा अभिमान होता.

अभिमानाचं मूळ लालबागच्या आमच्या खोलीत होतं. वडील गिरणीत ब्लीचिंग खात्यात होते. मळकट पिवळं कोरं कापड त्यांच्या हौदात जायचं आणि पांढरंशुभ्र होऊन बाहेर यायचं. त्यांच्या लेखी जगात दोनच गोष्टी होत्या, पांढरं आणि घाण. आमचे शाळेचे शर्ट ते स्वतः धुवायचे आणि वाळत घालताना आम्हाला बोलावून दाखवायचे. म्हणायचे, पिवळट झाक राहिली म्हणजे काम अर्धवट राहिलं. गिरणी बंद पडली, वडील गेले, पण ती पांढऱ्याची खोड माझ्यात उतरली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते उगाच नाही.

वापरलेला फिल्टर कितीही धुतला तरी पांढरा होत नाही. किंचित पिवळट, कधी गुलाबीसर राहतो. आमच्या डॉक्टरबाईंचा नियम होता की नुसत्या शुद्ध पाण्याने धुवायचं. फारच रक्त अडकलं असेल तर ब्लीच, तेही पातळ करून आणि दोन मिनिटं, घड्याळ लावून. त्याचं कारण त्यांनी मला पहिल्याच महिन्यात नीट सांगितलं होतं. मला ते समजलंही होतं. समजणं आणि पटणं यात अंतर असतं, एवढंच.

कारण असं. रक्तात नाना जातींची प्रथिनं तरंगत असतात. रक्त नव्या फिल्टरमध्ये शिरलं की काही क्षणांतच ती धाग्यांच्या आतल्या भिंतीला चिकटायला लागतात. आधी चिकटतात ती संख्येने जास्त असलेली. मागून दुसरी येतात आणि पहिल्यांना उठवून स्वतः बसतात. लग्नाच्या हॉलमध्ये लवकर आलेले पुढच्या खुर्च्या धरतात आणि मुलाकडचे आले की त्यांना उठावं लागतं, तसा प्रकार. ही बसाबस होईपर्यंत रक्त बिथरलेलं असतं. समोर परकं काहीतरी आलंय असं समजून अंगातली संरक्षणाची सगळी व्यवस्था जागी होते. बहुतेकांना कळतही नाही. पण एखाद्याची छाती दाटते, पाठीतून कळ जाते, रक्तदाब कोसळतो. नव्या फिल्टरच्या पहिल्या दहा मिनिटांची भीती ती हीच. एकदा प्रथिनांचा पातळ थर बसला की रक्ताला भिंतीच्या जागी आपलंच माणूस दिसतं आणि ते शांत होतं. म्हणून धुतलेला जुना फिल्टर, थर शाबूत असेल तर, नव्यापेक्षा गुणी असतो. अर्थात हाच थर दर खेपेला वाढत गेला, त्यात रक्ताच्या बारीक गाठी अडकल्या, की धागे बुजतात आणि फिल्टर निकामी होतो. थर नसेल तर भय आणि जास्त झाला तर निरुपयोग, अशा दोन टोकांमध्ये आमचा धंदा चालायचा.

सुलूताई परब आमच्याकडे यायला लागल्या त्याला आता सतरा वर्षं होतील. हिंदमाताला साड्यांच्या दुकानाच्या पायरीशी त्यांचं शिलाई मशीन होतं. साडीला फॉल लावायचा, पिको करायचा, ब्लाउज शिवायचे. राहायला भोईवाड्यात, मूळ गाव मालवणकडचं, नवरा गेलेला, एक मुलगी मेघा, ती नोकरीला. बाई जिभेने तिखट होत्या. सुई टोचणाऱ्या सिस्टरच्या ब्लाउजचा खांदा ओढतोय हे त्या पहिल्या दिवशी सांगून मोकळ्या झाल्या होत्या. शेजारच्या खुर्चीवरचा पेशंट दोन डायलिसिसच्या मध्ये ताक पिऊन फुगून आला की त्याची खरडपट्टी आमच्याआधी त्या काढायच्या. कशालाच न भिणारी बाई म्हणून सगळ्यांना त्यांचं कौतुक होतं.

पहिला फिल्टर लावला तेव्हा चौथ्या-पाचव्या मिनिटाला त्यांनी माझं मनगट धरलं. तोंडावर घाम फुटला होता आणि छातीवर कुणीतरी पाटा ठेवलाय असं त्या सांगत होत्या. पंप थांबवला, ऑक्सिजन लावला, डॉक्टरबाईंनी इंजेक्शन दिलं, आणि अर्ध्या तासात सगळं निवळलं. पुढच्या खेपेला तोच फिल्टर धुऊन लावला, तर काहीही झालं नाही. त्यांनी मला खोदून खोदून विचारलं आणि मी वर लिहिलं तेच त्यांना सांगितलं. शिलाई करणारी बाई, माझ्या लग्नाच्या हॉलपेक्षा चांगला दाखला त्यांनी लगेच दिला.

"म्हंजे अस्तर," त्या म्हणाल्या. "जरीची उलटी बाजू आंगाक टोचता, म्हणान ब्लाउजाक आतून अस्तर लावतत. तसाच ता."

तेव्हापासून आमच्या केंद्रात त्या थराला अस्तर हाच शब्द पडला. सिस्टरही विचारायच्या, काय मोहन, अस्तर बसलं का.

पण दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, आणि इथे तर दूधच पुन्हा प्यायचं होतं. जुना फिल्टर बाद झाला की नवा लावणं आलंच. दुसऱ्या नव्याच्या वेळी त्यांना आधी इंजेक्शन दिलं, फिल्टर दुप्पट वेळ धुतला, तरी छाती दाटली. तिसऱ्यालाही तेच. मरण्याइतकं काही नव्हतं, पण दर वेळी त्यांना वाटायचं की आपण मरतोय, आणि तसं वाटणाऱ्या माणसाला आकडे दाखवून उपयोग नसतो. फिल्टर जुना व्हायला लागला की त्या आठवडाभर आधीपासून झोपायच्या नाहीत. शिलाई मशीनवर बसून काम करताना हात थांबतो, असं मेघा सांगायची.

फिल्टर कधी बाद करायचा हे पाण्याने ठरतं. धाग्यांत पाणी भरायचं, ते मोजपात्रात काढायचं. नवा असताना जेवढं मावत होतं त्याच्या चार-पंचमांशाहून कमी मावलं तर फिल्टर फेकायचा. एका गुरुवारी सुलूताईंच्या फिल्टरचं पाणी कमी भरलं. फार नाही, जरासं. त्या डायलिसिस संपवून दाराशी बसल्या होत्या आणि माझं तोंड बघून त्यांना कळलं.

"मोहन, नवो नको रे," त्या म्हणाल्या. "माका भय वाटता. ह्योच आणखी दोन वेळा चलव."

मी बघतो म्हणालो. एवढंच म्हणायला नको होतं.

त्या गेल्यावर मी तो फिल्टर हातात घेऊन उभा राहिलो. पिवळट, टोकाशी तांबूस रेघा. नियमाप्रमाणे तो दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जायला हवा होता. माझ्या मनात दया होती हे खरं, पण दयेच्या मागे वडिलांचा हौद होता हेही तितकंच खरं. मी ब्लीच घेतलं, नियमाच्या दुप्पट कडक केलं आणि फिल्टर भरून पाऊण तास ठेवला. काढला तेव्हा तो दुधासारखा पांढरा झाला होता. पाणी मोजलं तर नव्याइतकं भरलं. मग खूप वेळ पाण्याने धुतला, गळतो का बघितलं, औषध भरलं, नाव लिहिलं. वडील असते तर त्यांनी खांद्यावर हात ठेवला असता, असं मला वाटलं. वहीत मात्र मी ब्लीचच्या रकान्यात दोन मिनिटं लिहिलं.

सोमवारी सकाळी मी तो सुलूताईंना उजेडात धरून दाखवला. म्हणालो, बघा, अगदी नव्यासारखा झालाय. सगळ्यांना अस्तराचं प्रवचन देणारा मी, आणि काय बोलतोय हे मला ऐकू आलं नाही. त्यांनाही नाही. त्या खूश झाल्या होत्या आणि मला ब्लाउजाच्या कापडाचा एक तुकडा पुसायला म्हणून घेऊन आल्या होत्या.

तिसऱ्या मिनिटाला त्यांचे ओठ निळसर झाले. या वेळी त्यांनी मनगट धरलं नाही, कारण हात उचलण्याइतकं बळ नव्हतं. डोळे माझ्यावर होते. रक्तदाब मोजायला गेलो तर लागेना. मी पंप बंद केला, नळ्यांना चिमटे लावले आणि ओरडून डॉक्टरबाईंना बोलावलं. अशा वेळी नळ्यांतलं रक्त परत अंगात द्यायचं नसतं, ते सोडून द्यावं लागतं. आधीच रक्त कमी असलेल्या त्या बाईचं तेवढं रक्त माझ्या हातातल्या पांढऱ्या फिल्टरात लाल होऊन अडकून राहिलं. डॉक्टरबाई इंजेक्शनं देत होत्या, सिस्टर पाय वर धरून उभी होती, आणि मी मनातल्या मनात एकच वाक्य म्हणत होतो, मी मारलं हिला. बारा मिनिटांनी सुलूताईंनी पाणी मागितलं.

दुपारी डॉक्टरबाईंनी मला समोर बसवलं. त्या माझ्याहून तीन-चार वर्षांनी लहान, पण केंद्रात त्यांचा दरारा होता. जुन्या, धुतलेल्या फिल्टरने असं व्हायला नको, त्या म्हणाल्या. काही वेगळं केलं होतं का, ब्लीच किती वेळ ठेवलं होतं.

"नेहमीसारखंच," मी म्हणालो. "दोन मिनिटं."

घरी दोन शिकणारी मुलं होती, निवृत्तीला पंधरा वर्षं होती आणि वहीत माझ्याच अक्षरात दोन लिहिलेलं होतं. खोटं बोलणं इतकं सोपं जाईल असं मला वाटलं नव्हतं. बाईंनी वही बघितली, मान हलवली आणि माझ्यावर विश्वास ठेवला.

त्या विश्वासातून पुढचा निर्णय झाला. बाईंचा तर्क बिनचूक होता, फक्त त्याच्या पायाशी माझं खोटं होतं. त्या म्हणाल्या, धुण्यात चूक नाही म्हणजे फळीवर ठेवताना भरतो ते औषधच हिला आता सोसेनासं झालंय. नव्या फिल्टरचा त्रास निदान ओळखीचा आहे, त्याची तयारी करता येते. हा त्रास अनोळखी आहे आणि पुढच्या वेळी जीव घेईल. तेव्हा सुलूताईंना यापुढे धुतलेला फिल्टर बंद. दर वेळी नवा लावायचा, संस्था देईल.

दर वेळी नवा. म्हणजे आठवड्यातून दोनदा ती दहा मिनिटं, जन्मभर. सिस्टरने त्यांना हे सांगितलं तेव्हा मी धुण्याच्या खोलीत होतो आणि दार अर्धवट उघडं होतं. नेहमी जाताना सगळ्यांना काहीतरी टोमणा मारून जाणाऱ्या सुलूताई त्या दिवशी मुलीच्या खांद्यावर हात ठेवून गप्प निघून गेल्या.

गुरुवारी त्या आल्या नाहीत. खुर्ची रिकामी राहिली. सोमवारीही आल्या नाहीत. मेघाचा फोन आला, आई ऐकत नाही, म्हणते एकदाच काय ते होऊ दे, रोज रोज मरायला मी जाणार नाही. डॉक्टरबाई फोनवर पुष्कळ समजावत होत्या. मी तिथेच उभा होतो. डायलिसिस चुकलेल्या माणसाचं काय होतं ते मला पाठ होतं. अंगात पाणी साठतं, मग फुफ्फुसात उतरतं. रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदय एका क्षणी, काही न सांगता, थांबतं. ते कुठल्या क्षणी हे कुणाला सांगता येत नाही. त्या दिवसांत केंद्रातला फोन वाजला की मी हातातलं काम टाकून सिस्टरच्या तोंडाकडे बघायचो. चोराच्या मनात चांदणं असतं, तसं प्रत्येक जण माझ्याकडेच बघतोय असं वाटायचं. घरी बायकोने विचारलं, बरं नाही का. मी ॲसिडिटी सांगितली.

बुधवारी दुपारी मी रजा टाकून भोईवाड्याला गेलो. मेघाने दार उघडलं. सुलूताई शिलाई मशीनच्या फळीवर उशी ठेवून, तिच्यावर कोपरं टेकून बसल्या होत्या. आडवं झालं की श्वास कोंडतो म्हणून दोन रात्री तशाच बसून होत्या. पावलं सुजून चकचकीत झाली होती. श्वास घेताना छातीतून पाण्याची घरघर मला दारातून ऐकू आली. मला बघून त्यांनी हाताने बस म्हणून खूण केली.

मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. ब्लीच दुप्पट केलं, पाऊण तास ठेवला, वहीत दोन लिहिलं, बाईंना खोटं सांगितलं. औषधाने काही झालं नाही, जुना फिल्टर तुम्हाला सोसतोच, मीच तो जुना राहू दिला नाही. मेघा भिंतीला टेकून ऐकत होती. तिने एक शिवी दिली आणि ती मला लागू होती.

सुलूताईंनी डोळे मिटून घेतले होते. एकेक शब्दाला थांबत त्या म्हणाल्या, "म्हंजे तू अस्तरच काढलंस."

मी हो म्हणालो.

"डॉक्टरबाईंका सांगलंस?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मगे माका कित्याक सांगतस? थंय सांग."

खरं सांगायचं तर मी तिथे माफी मागायला गेलो होतो. त्यांनी हो म्हणावं, डायलिसिसला यावं, आणि गोष्ट आमच्यातच मिटावी अशी अंधुक आशा माझ्या मनात होती. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार. त्या घरघरणाऱ्या छातीपुढे ती आशा मला स्वतःलाच घाणेरडी वाटली. मी खिशातून फोन काढला आणि तिथेच, त्यांच्यासमोर, बाईंना लावला. नोकरी गेली असं धरूनच बोललो. मग बाई म्हणाल्या, "त्यांना टॅक्सीत घाला आणि ताबडतोब घेऊन या. तुमचं नंतर बघू."

सुलूताईंना खुर्चीसकट आम्ही दोघांनी जिन्यावरून उतरवलं. केंद्रात पोचलो तेव्हा बाई दाराशी होत्या. अडचण उघड होती. पांढरा फिल्टर केव्हाच फेकला होता. जुनं अस्तर आता कुठेच नव्हतं, आणि थांबायला वेळही नव्हता. नवाच लावावा लागणार होता. बाईंनी तेवढ्या वेळात ओळखीच्या एका दवाखान्यातून वेगळ्या जातीचा, रक्ताला कमी बिथरवणारा, वाफेवर निर्जंतुक केलेला महागडा फिल्टर मागवून घेतला होता. याने बहुधा त्रास होणार नाही, त्या म्हणाल्या. बहुधा हा शब्द त्यांनी हळू उच्चारला.

मी मागे सरलो. या पेशंटला हात लावायचा हक्क मला राहिला नाही असं मला वाटत होतं, आणि दुसऱ्या तंत्रज्ञाला बोलावलंही होतं. सुलूताईंनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला.

"मोहनच लायत," त्या म्हणाल्या.

बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. फिल्टर मी धुतला. मग परत धुतला. नळ्या जोडल्या, पंप अगदी कमी वेगावर ठेवला. रक्त फिल्टरच्या वरच्या टोकाशी आलं, आणि पांढरे धागे वरून खाली लाल होत गेले. ते दृश्य मी हजारो वेळा पाहिलं होतं. त्या दिवशी मला ते बघवेना. सुलूताईंनी माझं मनगट धरलं.

दुसऱ्या मिनिटाला त्यांनी विचारलं, किती झाली. मी सांगितलं. तिसऱ्या मिनिटाला त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि बोटं माझ्या मनगटात रुतली. मी रक्तदाब वाचला, परत वाचला. चौथं मिनिट कधी संपेल असं झालं. बाईंच्या हातात इंजेक्शन भरलेलं तयार होतं आणि त्यांची नजर ओठांवर होती. पाचव्या मिनिटाला सुलूताई खोकल्या आणि माझ्या तोंडून काहीतरी निघालं. नुसता खोकलाच होता.

"तुझो हात माझ्यापेक्षा थंड आसा," त्या म्हणाल्या.

सात. आठ. नवव्या मिनिटाला ओठांचा रंग होता तसाच होता. दहावं मिनिट झालं. अकरावं गेलं. मग त्यांची बोटं सैल झाली.

"बसला अस्तर," त्या म्हणाल्या, आणि दोन रात्री बसून काढलेली ती बाई तिथेच झोपून गेली.

मी धुण्याच्या खोलीत गेलो, दार लावलं आणि रडलो.

नोकरी गेली नाही. धुण्याची खोली सहा महिने काढून घेतली, ताकीदपत्र मिळालं, आणि ब्लीचची बाटली बाईंच्या कपाटात कुलपात गेली. शिवाय बाईंनी एक शिक्षा अशी दिली की ती निवृत्त होईपर्यंत चालू राहिली. नवे तंत्रज्ञ शिकायला आले की ही हकीकत मीच त्यांना सांगायची, वहीतल्या दोन मिनिटांसकट. प्रत्येक वेळी सांगताना माझे कान तापायचे. मेघा माझ्याशी वर्षभर बोलली नाही, आणि ते योग्यच होतं.

अपवाद एकच, सुलूताईंचा नव्या जातीचा तो फिल्टर मीच धुतला, बाई शेजारी उभ्या असताना, नुसत्या पाण्याने. पिवळट राहिला. पुढच्या खेपेला मी तो त्यांच्या हातात दिला. कापड पारखतात तसा त्यांनी तो उजेडाला धरून फिरवून बघितला आणि बरा आहे म्हणाल्या. त्यानंतर पाच वर्षं त्या येत राहिल्या. भीती त्यांची गेली नाही आणि माझी तर वाढलीच. दर सुरुवातीला त्या मनगट धरायच्या आणि मी मिनिटं सांगायचो. दुसऱ्या पेशंटांच्या वेळी मनगट कुणी धरायचं नाही, पण मिनिटं मी मनात मोजायचोच. अजूनही सकाळी गॅसवर दूध ठेवलं तरी मी दहा मिनिटं तिथून हलत नाही, आणि बायको म्हणते, दूध तुम्हाला बघून उतू जायला घाबरतं.

एका रविवारी सुलूताई घरीच गेल्या. दुपारचं जेवण करून शिलाई मशीनवर बसल्या आणि हृदय थांबलं. आमच्या खुर्चीवर नाही, कुठल्या फिल्टरमुळे नाही. मेघाने फोन पहिल्यांदा मला केला.

सोमवारी मी फळीवरून त्यांचा फिल्टर काढला. त्यावर माझ्या अक्षरात परब सुलोचना, नववी वेळ, असं लिहिलं होतं. पेशंट गेला की त्याचा फिल्टर त्याच दिवशी पिवळ्या पिशवीत टाकायचा असतो. मी तो खिडकीशी नेला. त्यांना भोईवाड्यातून नेऊन एक दिवस झाला होता, आणि त्यांच्या रक्तातला तो पातळ थर माझ्या हातात, धाग्यांच्या आत, जागच्या जागी बसलेला होता. चांगला पिवळट दिसत होता. मी तो त्यांनीच दिलेल्या ब्लाउजाच्या तुकड्याने बाहेरून पुसला, त्याच तुकड्यात गुंडाळला आणि पिशवीत ठेवला.